आमच्या ओट्यावरचा फरारी

लग्न होऊन सासरी आले त्याच्या दुसऱ्या दिवशी आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, मला घर फिरून दाखवलं. हे देवघर, ही पाण्याची घडवंची, ही सरपणाची जागा. शेवटी ओट्यावर आल्या आणि वळचणीला खोचलेली एक चेपलेली जर्मनची, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमची, थाळी दाखवून म्हणाल्या, "आन् ही आरोपीची."

मी सोनईची. आमच्याकडे आजोबांचा तांब्या वेगळा होता, काकांचं ताट वेगळं होतं, पण आरोपीची थाळी मी पहिल्यांदाच पाहत होते. "कुठला आरोपी?" मी विचारलं.

"आता न्हाई," आत्याबाई म्हणाल्या. "चोरी झाली की यील."

माझे सासरे, म्हणजे मामंजी, गावचे पोलीस पाटील. आमचं गाव शेवगाव तालुक्याच्या कोरड्या अंगाला, एसटीच्या फाट्यापासून बरंच आत. चोरी झाली की तालुक्याहून जमादार यायला दोन दोन दिवस लागायचे, आणि गावाला कोठडी नव्हती. मग तोवर आरोपी ठेवायचा कुठं? तर पाटलाच्या ओट्यावर. त्याला दोन्ही वेळा भाकरी घालायची ती पाटलाच्या घरानं, आणि घरानं म्हणजे अर्थातच नव्या सुनेनं.

आरोपी शोधावा लागत नसे, ही त्यातली मोठी सोय होती. तो ठरलेला होता. गावाबाहेरच्या माळावर पारध्यांची चार पालं होती, त्यातल्या कडेच्या पालात तो राहायचा. त्याच्या बापाला सरकारनं तारेच्या कुंपणात ठेवलं होतं. पारध्याच्या पोटी जन्मला तो जन्मतःच चोर, असा साहेबाच्या राज्यात कायदाच होता. साहेब गेला, मागोमाग कायदाही गेला. पण तो गेल्याचं आमच्या गावाला कुणी कळवलेलं दिसत नव्हतं. सुगीत हेच लोक त्याला ज्वारीच्या राखणीला बोलवायचे, कारण त्याच्यासारखा जागा राहणारा माणूस पंचक्रोशीत नव्हता. आणि सुगी सरली की गावातलं काहीही हरवो, कोतवाल काठी घेऊन सरळ माळाची वाट धरायचा. कोतवाल म्हणजे मामंजींच्या हाताखालचा गावचा नोकर. त्याचे पाय त्या वाटेला इतके सरावले होते, की झोपेत चालायला लागला असता तरी माळावरच पोचला असता.

त्याला बांधत वगैरे नसत. तो येई, ओट्याच्या कोपऱ्यात बसे आणि स्वतःची थाळी स्वतःच खाली काढी. माझ्या भाकऱ्या तेव्हा कुणाला दाखवण्यासारख्या नव्हत्या. मामंजी काही बोलायचे नाहीत, आत्याबाई भलतंच बोलायच्या, आणि आमचे हे एसटीत कंडक्टर, आठवड्यातून एकदा घरी. त्यांना सगळंच गोड लागायचं. खरं सांगणारा घरात एकच माणूस, तो आरोपी. एक तुकडा मोडून म्हणायचा, "वैनी, आज बरी हाय. मागल्या चोरीला लई जाड हुती."

मोटेचा नाडा हरवला तेव्हा करपलेली, देवळातला तांब्या गेला तेव्हा कच्ची, मास्तरांची छत्री गेली तेव्हा एकदम ब्येस. माझ्या संसाराची प्रगती त्या माणसाला चोऱ्यांच्या हिशेबानं पाठ होती.

ही गोष्ट मोठ्या दुष्काळाच्या आदल्या वर्षीची. गावच्या सोसायटीच्या चेअरमनच्या दोन कोंबड्या नाहीशा झाल्या. तासाभरात तो आमच्या ओट्यावर. फिर्याद नाही, कागद नाही; चेअरमननं नुसतं रस्त्यावरून "पाटील, कोंबड्या गेल्या" म्हटलं, तेवढ्यावर. मी भाकरी घेऊन गेले तर थाळी काढलेली नव्हती.

"वैनी, तेवढं पाटलांना सांगा की," तो हलक्या आवाजात म्हणाला. "आजच्या दिस सोडा. मंडळी दिस भरल्याली हाय. थोरल्याच्या येळेला मी शेवगावात आत हुतो. दुसरीच्या येळेला नेवाशाला. तिसऱ्याच्या येळेला ह्याच वट्यावर. एकाचं बी पयलं रडनं ऐकलं न्हाई म्या."

मला भरूनच आलं, आणि भरून आलं की मला राग येतो. मी तशीच आत गेले. पदर सावरून, खाली बघून, पण ठणठणीत आवाजात मामंजींना म्हटलं, "मामंजी, त्याच्या बायकोचे दिवस भरलेत. त्याला जाऊ द्या. तो काही पळून जात नाही."

मामंजी वाईट नव्हते. त्यांनी कधी कुणावर हात टाकलेला मी पाहिला नाही. पण त्यांच्या डोक्यात रीत नावाचा एक खुंटा होता आणि त्याला ते स्वतःच बांधलेले होते. "जमादार येऊन गेले, की लगेच सोडू," ते म्हणाले. "रीत आहे ती. आणि बाळंतपणं काय, होतच असतात."

मी बाहेर येऊन त्याला म्हटलं, "अरे, तुला कुणी बांधलंय का? जा की उठून."

तो हसला. "उठून गेलो तर पळाला म्हनत्याल. बसलो तर नुसता धरलाय म्हनत्यात. बसल्यालं बरं."

कोंबड्यांसाठी जमादार काही आला नाही. दुसऱ्या दिवशी देवळातून गुरव बोंबलत आला, की गावकीचं तपेलं गेलं! हे तपेलं म्हणजे गावजेवणाचं. त्यात आख्ख्या गावाची आमटी शिजायची. कानात बांबू घालून दोघांनी खांद्यावर घ्यावं तेव्हा ते हलायचं. एवढं भांडं कुणी चोरील, चोरून नेईल कुठं आणि त्यात शिजवील तरी काय, हा विचार कुणाच्याही डोक्यात आला नाही. चोरी म्हणजे चोरी. गावकीचा मामला म्हणून या खेपेला लेखी फिर्याद गेली, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी फाट्यापासून उसनी सायकल हाणत नवे जमादार हजर झाले. मिसरूड कोवळं, कपड्यांना इस्त्री आणि बोलणं कायद्याचं.

ते थेट देवळात गेले. मामंजी त्या वेळी घरी, चहात दूध किती घालायचं यावरून माझ्या मागे लागलेले. देवळात पाच पंच जमले होते. त्यांत पहिला चेअरमन. जमादारांनी विचारलं, "संशय कुणावर?" पाचही जणांनी एका तोंडानं त्याचंच नाव सांगितलं. जमादार कोतवालाला म्हणाले, "आणा त्याला."

आता बघा. हाच कोतवाल परवा त्याला घेऊन आला होता. आदल्या रात्री त्याच्याच शेजारी बसून त्यानं तंबाखू मळली होती. पण "आणा" म्हटल्यावर त्याच्या पायांनी माळाची वाट धरली ती धरलीच. पालापाशी जाऊन त्यानं काठी आपटली. आतून बायको कण्हत म्हणाली, "आवो, तुमीच न्हेलंय की त्यास्नी परवा!"

"ते कोंबड्यांचं," कोतवाल म्हणाला. "आज मी तपेल्यासाठी आलोय."

"मंग तपेल्यासाठी ते हितं न्हाईत."

कोतवालानं पालात वाकून पाहिलं, बाईची अवस्था पाहून लाजून मागं सरला, आणि देवळात येऊन सांगितलं, "साहेब, घरी न्हाई." पोलिसांच्या भाषेत घरी नाही म्हणजे फरार. काखेत कळसा नि गावाला वळसा ही म्हण मी पाटीवर गिरवली होती. त्या दिवशी ती चालत आमच्या दारी आली.

पंचनाम्याचा कागद लिहायला सगळी मंडळी आमच्या ओट्यावर आली, कारण ओट्यावर घोंगडी होती आणि घरात चहा होता. त्यांना बसायला जागा व्हावी म्हणून तो कोपऱ्यातून उठून खाली उभा राहिला. जमादारांच्या सायकलला स्टँड नव्हतं. समोर रिकामा माणूस दिसला म्हणून त्यांनी ती त्याच्या हातात दिली. "धर रे जरा." त्यानं धरली.

मी दाराआड चहाचे कप भरत होते. ओट्यावरचं सगळं मला दिसत होतं.

"फरारी इसमाचं वर्णन सांगा," जमादार म्हणाले. "उंची?"

चेअरमननं इकडेतिकडे पाहिलं आणि सायकल धरून उभ्या असलेल्या त्याच्याकडे बोट केलं. "ह्या एवढी."

"बांधा?"

"असाच. वाळल्याला."

"काही खूण?"

दुसऱ्या पंचानं डोळे बारीक करून त्याच्याकडे निरखून पाहिलं. "डाव्या भिवईवर वण."

"अंगात काय होतं?"

"मळकी बंडी. खांद्यापाशी फाटल्याली," तिसरा त्याची बंडी पाहून म्हणाला.

जमादार लिहीत होते. तो सायकल धरून उभा होता. स्वतःचं वर्णन बरोबर होतंय की नाही हे तो मन लावून ऐकत होता, आणि वणाच्या वेळी त्यानं मानही डोलावली. मला हसू आवरेना. पदराचा बोळा तोंडात कोंबला, पण हातातली किटली वाजायला लागली. त्या आवाजानं जमादारांनी वर पाहिलं. आधी दाराकडे, मग सायकलीकडे, मग कागदाकडे, आणि परत सायकलीकडे.

"तू कोण रे?"

त्यानं नाव सांगितलं. बापाचंही सांगितलं.

जमादारांनी टाक खाली ठेवला. "म्हणजे फरारी तूच?"

"असंन साहेब," तो म्हणाला. "पन म्या परवापसनं हितंच हाय."

"इथं कशासाठी? कुणी आणलं तुला?"

तो सायकलच्या दांडीवरची धूळ पुसायला लागला. त्याला मामंजींना उघडं पाडायचं नव्हतं, हे मला स्पष्ट दिसलं. पण पाचही पंच मामंजींकडे बघत होते. फिर्याद नसताना माणूस दोन रात्री ओट्यावर बसवून ठेवलेला. हे कागदावर आलं असतं तर मामंजींची पोलीस पाटीलकी त्याच दिवशी संपली असती. मामंजींनी आयुष्यातली सगळ्यात मोठी थाप मारली.

"पाहुणा आहे माझा," ते म्हणाले.

आतल्या घरात आत्याबाईंच्या हातातून पळी पडली.

जमादार वयानं लहान, पण बेरकी निघाले. त्यांनी कोपऱ्यातल्या चेपलेल्या थाळीकडे पाहिलं, मामंजींकडे पाहिलं, आणि कागदाची घडी घातली. "असं होय. मग पाहुण्याला जेवायला घातल्याशिवाय तर तुम्ही सोडणार नाही. मीही थांबतो. एकाच पंगतीला बसू."

त्यानं सायकल भिंतीला टेकवली. "म्या येतो पाटील," तो घाईनं म्हणाला. "घरी मंडळी..."

मामंजींनी त्याचा दंड धरला आणि दातांमधून म्हणाले, "पाहुणा ना तू? जेवल्याशिवाय उठायचं नाही." दोन दिवस आरोपी म्हणून अडकला होता, आता पाहुणा म्हणून अडकला. मी कोतवालाला मागच्या दारानं माळावर पिटाळलं. म्हटलं, सांग तिला, धनी येतोय म्हणून, आणि काय हवं नको ते बघ.

पुढचा तासभर आमच्या घरानं जे सोसलं ते सोसलं. त्या काळी त्याची सावली पडली तर पाण्याचा हंडा ओतून टाकणारी माणसं ही. आता पाट मांडला, रांगोळी ओढली, आत्याबाईंनी पितळी ताट काढलं. ते काढताना त्यांचा चेहरा असा, की जणू घरातलं लेकरूच दान देताहेत. मी वाढायला लागले. तो पाटावर बसला तो अंग चोरून, जसा ओट्यावर बसायचा तसाच. भाकरीचा तुकडा मोडून माझ्याकडे पाहिलं, पण या वेळी काही बोलला नाही. पाहुण्यानं नावं ठेवायची नसतात, हे त्याला पुरतं कळत होतं.

जमादार सावकाश जेवत होते. पंगतीतून आधी कुणी उठायचं नाही अशी आपली रीत. त्याचं ताट केव्हाच रिकामं झालं होतं. तो दाराबाहेर माळाच्या दिशेनं बघत होता, आणि जमादार आणखी ताक मागत होते. मला त्या ताकात मीठ ओतावंसं वाटलं.

"पण मग ते तपेलं गेलं कुठं?" जमादार भुरका मारून म्हणाले.

"ते चेअरमनच्या गोठ्यात हाय," आतून आत्याबाई म्हणाल्या.

ताकाची वाटी हवेतच थांबली.

"लेकीच्या साखरपुड्याला न्हेलं हुतं, तवापसनं हाय. त्यात सरकी भिजाय घालत्यात. साऱ्या बायांना ठावं हाय."

"मग सांगितलं का नाही?" मामंजी ओरडले.

"मला कुनी इचारलं?" आत्याबाई म्हणाल्या, आणि त्या दिवसाचा सगळा राग त्या तीन शब्दांत काढून मोकळ्या झाल्या.

आता चेअरमन ओट्यावरच होता. पंच क्रमांक एक. त्यानं कपाळावर हात मारला. "अगागा, इसरलोच की! राहूनच गेलं ते." सगळे हसले. जमादारही हसले. चौघे गडी जाऊन तपेलं घेऊन आले, सरकीच्या वासासकट. जमादार म्हणाले, "गैरसमज झाला म्हणायचा." पंचनामा फाडून त्यांनी चुलीत टाकायला माझ्याच हातात दिला. चेअरमनच्या घरी गेलं की गैरसमज, आणि माळावर गेलं असतं तर? मी तो कागद चुलीत कोंबला तो इतक्या जोरात, की चुलीतली राख माझ्या लुगड्यावर आली. आणि कोंबड्यांचं सांगायचं राहिलं. पुढं काही दिवसांनी त्यातली एक चेअरमनच्याच कडब्याच्या गंजीमागून पिलांचं लटांबर घेऊन बाहेर आली. दुसरी मुंगसानं नेली असावी. मुंगसाला मात्र कुणी ओट्यावर आणून बसवलं नाही.

पाहुण्याला रिकाम्या हातानं पाठवत नाहीत. जमादार बघत होते, म्हणून मामंजींनी टोपी आणि नारळ आणवला. त्यानं दोन्ही हातांनी घेतलं, पण टोपी डोक्यावर घालीना.

"घाल की," मामंजी म्हणाले.

"पाटील, ह्येची चिठ्ठी द्या," तो म्हणाला. "कोरी टोपी हाय. वाटंला कुनी इचारलं, कुठनं आनली, तर काय सांगू?"

जमादार आधी खो खो हसले. मग त्यांचं हसू आपोआप विरलं. त्यांनीच कागदाचा तुकडा घेतला आणि चिठ्ठी लिहून सही करून दिली. आमच्या गावात एका टोपीला सरकारी सही मिळाल्याची ती पहिलीच वेळ.

तेवढ्यात कोतवाल माळावरून पळत आला. "पोरगा झाला! आत्ताच. तुमी ताकाला बसला हुता तवा."

तो पायरीवर उभा राहिला. हातात नारळ, टोपी, चिठ्ठी. "म्हंजी ह्या येळेला बी न्हाईच," एवढंच म्हणाला. मग माझ्याकडे बघून हसला. "पन वैनी, ह्या येळेला आत नव्हतो. पाहुना हुतो." आणि तो जो निघाला तो मागं न बघता.

गावाला या गोष्टीचं फार कौतुक झालं. पुढं कुणाची खुरपी हरवली, की लोक डोळे मिचकावून विचारायचे, "काय पाटील, पाहुना आनला का?" पाहुणा येतच राहिला. फक्त कोतवाल आता त्याला "पाहुनचाराला चला" म्हणायचा. आत्याबाईंनी ते पितळी ताट राखेनं तीनदा घासलं, चुलीवर धरून शेकलं, आणि जर्मनची थाळी परत वळचणीला खोचली.

पण मला त्या दिवशी झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी खारीक-खोबरं आणि तुपाची वाटी पदराखाली घेतली आणि कुणालाही न विचारता माळावर गेले. पाटलाच्या घरातली बाई त्या पालांकडे याआधी कधी गेली नव्हती. मी काय जगावेगळं करतेय असा थोडा तोराही माझ्या चालण्यात होता, तो लपवत नाही. तो पाण्याला गेला होता. पालात ती एकटीच होती, उघड्या जमिनीवर फाटकी गोधडी टाकून, लेकरू कुशीत घेऊन.

मी वाकून आत डोकावले. तिनं मला ओळखलं. पाटलाच्या घरचं माणूस दारात उभं, एवढंच तिनं पाहिलं. ओली बाळंतीण ती, धडपडत उठून बसली, लेकराला दोन्ही हातांनी पाठीमागं सारलं आणि माझ्या पाया पडायला वाकली.

"वैनी," ती म्हणाली, "ह्यो काल जलमलाय. ह्यानं आजून काय केल्यालं न्हाई."